लॅपटॉपचा ताणा थोडा सैल करताना: अंडरव्होल्टिंग म्हणजे काय आणि ते जपून कसं करायचं

मे महिन्यातली दुपार होती. माझा मामेभाऊ सोलापुरात, अशोक चौक नावाच्या भागात राहतो. खाली यंत्रमाग, वर घर. तो चादरींची जकार्ड डिझाइनं लॅपटॉपवर तयार करतो. त्या दिवशी बाहेर पारा ४२ च्या वर गेला होता, कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो वैतागून बसला होता.

“दादा, सकाळी हेच काम झरझर होतंय बघ. बारा वाजले की रेघ ओढली तरी ती मागनं येतीय. नवीन लॅपटॉप घ्यावा लागतोय काय?”

मग त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. उन्हाळा आला की अशा चित्रफिती फिरू लागतात: एक सेटिंग बदला, लॅपटॉप बर्फासारखा थंड. त्यात सांगणारा म्हणत होता, “इथे उणे १५० टाका, बस.” ती सेटिंग होती प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज कमी करण्याची, म्हणजेच अंडरव्होल्टिंगची. मामेभाऊ तो आकडा टाकायच्या तयारीत होता. मी त्याला थांबवलं. सल्ला मुळात चुकीचा नव्हता, पण दुसऱ्याच्या लॅपटॉपचा आकडा आपल्या लॅपटॉपला लावणं चुकीचं होतं. असं का, ते नीट समजावं म्हणून हा लेख.

तापल्यावर लॅपटॉप मंद का होतो?

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपमधली हिशेब करणारी चिप. तिला मिळणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पत्र्याच्या बारीक पात्यांपर्यंत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पण पंखा आत घेतो ती खोलीतलीच हवा. खोलीत २७ अंश असतील तर त्याच्या हाताशी २७ अंशांची हवा, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४० असतील तर ४० अंशांची. तेच काम, तोच पंखा, तरी चिप साधारण १३ अंशांनी जास्त तापते. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कुरकुर न करणारा लॅपटॉप मे महिन्यात रडकुंडीला येतो, त्याचं कारण एवढंच आहे.

चिपला एक कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांमध्ये ते १०० अंश असतं, एएमडीच्या अनेकांमध्ये ९५ च्या आसपास. त्या रेषेजवळ गेलं की चिप स्वतःच वेग कमी करते, म्हणजे उष्णता कमी होते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही, चिपने स्वतःला वाचवणं आहे. मामेभावाच्या लॅपटॉपवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर काम सुरू असताना तापमान ९७ आणि वेग घसरलेला. नवीन लॅपटॉपची गरज नव्हती. त्याचा लॅपटॉप उन्हाने दमत होता.

चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज का दिलेलं असतं?

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब. नळाला पाण्याचा दाब असतो तसा. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात आणि ते ठरलेल्या वेळेत उघडझाप व्हावेत म्हणून पुरेसा दाब लागतो. वेग जितका जास्त, तितका दाब जास्त लागतो. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज, याचा तक्ता कारखान्यातूनच चिपमध्ये भरून येतो.

या तक्त्यात मुद्दाम थोडी जादा भर ठेवलेली असते. याचं उत्तम स्पष्टीकरण मला खालच्या मजल्यावर मिळालं. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून धरलेले असतात. ताण फार जास्त झाला तर धागे तुटतात. फार सैल पडला तर धागे नीट उघडत नाहीत, धोटा मध्येच अडकतो आणि कापडात खोट येते. मामांचं म्हणणं असं, की पुढचं सूत कसं येईल ठाऊक नसलं की ताण थोडा जास्तच ठेवायचा. सूत ओळखीचं आहे, माग ओळखीचा आहे, तर तो थोडा उतरवता येतो आणि माग शांत चालतो.

चिप बनवणाऱ्या कंपनीची अवस्था पहिल्या प्रकारची असते. एकाच मॉडेलच्या दोन चिपासुद्धा हुबेहूब सारख्या निघत नाहीत. एखादी कमी व्होल्टेजवर बिनतक्रार चालते, एखादीला जास्त लागतं. शिवाय चिप वर्षानुवर्षं चालली पाहिजे, म्हातारी झाल्यावरही. आणि तिसरं कारण घरोघरी ओळखीचं आहे: बोअरची मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो. चिपवर अचानक जड काम आलं की तिच्या आतही व्होल्टेज असंच क्षणभर खाली बसतं. त्या क्षणी हिशेब चुकू नये म्हणून आधीच थोडं जास्त दिलेलं असतं.

अंडरव्होल्टिंग म्हणजे ही जादा भर थोडी उतरवणं. वेग तोच, दाब थोडा कमी. तुमच्या चिपमध्ये ती भर किती आहे हे तुमची चिपच सांगू शकते. म्हणून चित्रफितीतल्या माणसाचं उणे १५० हे त्याच्या मागाचं माप आहे, तुमच्या नव्हे.

एवढ्याशा बदलाने फरक कसा पडतो?

आकडे मिलिव्होल्टमध्ये असतात, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग. उणे ८० म्हणजे ०.०८ व्होल्ट. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण चिप कामात असताना तिची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणणं.

समजा चिप १.१० व्होल्टवर चालते आहे आणि आपण ते १.०२ वर आणलं. १.१० चा वर्ग १.२१, आणि १.०२ चा सुमारे १.०४. व्होल्टेज फक्त ७ टक्के उतरलं, पण वीज उतरली सुमारे १४ टक्के. आता ही वीज तापमानात मोजू. समजा आधी चिप खोलीपेक्षा ५५ अंश जास्त तापत होती. खोली ४० अंश, म्हणजे चिप ९५. वीज १४ टक्के कमी झाली की ती खोलीपेक्षा सुमारे ४७ अंशच वर जाईल, म्हणजे ८७. हे ढोबळ गणित आहे, प्रत्येक लॅपटॉपवर हेच आकडे येतील असं नाही. पण सोलापूरच्या दुपारी ८ अंश म्हणजे थ्रॉटलिंग होणं आणि न होणं यातला फरक ठरू शकतो.

एक गोष्ट अनेकांचा गोंधळ उडवते. व्होल्टेज कमी करूनही जड कामात तापमान फारसं उतरत नाही आणि माणूस म्हणतो, काही उपयोग झाला नाही. अशा वेळी वेगाचा आकडा बघा. आधी उष्णतेने किंवा विजेच्या मर्यादेने अडलेली चिप वाचलेली वीज लगेच जास्त वेगासाठी वापरते. मामेभावाकडे नेमकं हेच झालं. सिनेबेंच या चाचणीत तापमान फक्त दोन अंशांनी उतरलं, पण वेग २.९ गिगाहर्ट्झवरून ३.२ वर टिकून राहिला. त्याच्या रोजच्या डिझाइनच्या कामात मात्र चिप पूर्ण जोर लावत नाही, तिथे तापमान नव्वदीतून ऐंशीच्या आत आलं.

आधी धूळ, मग व्होल्टेज

हा क्रम मी आग्रहाने सांगतो. ज्या घराखाली किंवा शेजारी माग चालतात तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. ते पंख्यातून जाऊन पात्यांवर बसतात आणि हळूहळू त्यांची नमद्यासारखी गादी तयार होते. मामेभावाचा लॅपटॉप उघडला तेव्हा पंखा आणि पात्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी जाड पट्टी निघाली. ती काढली, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्यापर्यंत पोचवणारा लेप, बदलली आणि एवढ्यावरच दुपारचं अर्धं दुखणं कमी झालं. हवेची वाटच बंद असताना व्होल्टेजशी खेळण्यात अर्थ नाही.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका. कूलरच्या थेट झोतात तर ठेवूच नका. ती हवा ओली असते आणि ओलावा हा उष्णतेपेक्षा वाईट पाहुणा आहे.

तुमच्या लॅपटॉपवर हे चालेल का?

याचं उत्तर समजायला डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालेली एक गोष्ट माहीत असायला हवी. ब्रिटनमधलं बर्मिंगहॅम विद्यापीठ, ऑस्ट्रियातलं ग्राझचं तांत्रिक विद्यापीठ आणि बेल्जियममधलं ल्युव्हेनचं विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवलं, की इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून नेमक्या क्षणी खाली आणलं तर चिप गुणाकार चुकवते, आणि अशा मुद्दाम घडवलेल्या चुकांतून चिपच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. या हल्ल्याला त्यांनी प्लंडरव्होल्ट नाव दिलं. उपाय म्हणून इंटेलने व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करता येईल असे बदल पुरवले आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोसच्या अपडेटमधून अनेक मॉडेलांवर तिला कुलूप लावलं. बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर.

त्यामुळे आज चित्र सरमिसळ आहे. इंटेलच्या आठव्या ते दहाव्या पिढीतल्या काही लॅपटॉपांवर वाट उघडी आहे, काहींवर बंद. त्यानंतरच्या पिढ्यांत ती बहुतांश बंदच असते, मुख्यतः एचएक्स अशी अक्षरं असलेल्या ताकदवान प्रोसेसरांच्या काही लॅपटॉपांत कंपनी बायोसमधून सोय देते. एएमडीच्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय मिळते. तिथे मिलिव्होल्टऐवजी पायऱ्या असतात, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. अॅपलच्या एम मालिकेत वापरणाऱ्याला ही सोय दिलेली नाही.

विंडोजवरच्या इंटेल लॅपटॉपसाठी थ्रॉटलस्टॉप हे मोफत सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरात आहे. त्यातल्या व्होल्टेजच्या खिडकीत ‘लॉक्ड’ दिसलं तर तुमच्याकडे कुलूप आहे. ते तोडण्यासाठी जुना बायोस टाकणं किंवा बायोसच्या लपवलेल्या सेटिंगमध्ये हात घालणं, असे उद्योग करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक चूक झाली तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. काही नव्या लॅपटॉपांवर विंडोजचं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षणही आड येतं. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे चार अंशांसाठी ते बंद करणं मला पटत नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं

सर्वात आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मामेभावाकडे तीन वर्षांची डिझाइनं होती. ती सुरक्षित झाल्याशिवाय मी हात लावला नाही.

मग सध्याची स्थिती कागदावर लिहा: खोलीचं तापमान, जड कामातलं चिपचं तापमान, वेग. हे नसेल तर नंतर फरक पडला की नाही ते कळणार नाही, नुसता भास होईल.

थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘सीपीयू कोअर’ आणि ‘सीपीयू कॅश’ अशा दोन ओळी असतात. सुरुवातीला दोन्हींना सारखाच आकडा द्या, कारण बऱ्याच प्रोसेसरांमध्ये दोघांचा वीजपुरवठा एकच असतो आणि एकालाच कमी केलं तर परिणाम दिसत नाही. पहिली पायरी उणे ५०. मग दर वेळी १० मिलिव्होल्टने खाली. प्रत्येक पायरीला वीस-तीस मिनिटांची चाचणी. आकडा आपोआप लागू होईल अशी सोय मात्र या टप्प्यावर मुळीच चालू करू नका. थ्रॉटलस्टॉपने दिलेलं व्होल्टेज चिपमध्ये कायमचं कोरलं जात नाही. लॅपटॉप अडकला तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा सुरू केला की तो मूळ व्होल्टेजवर येतो. हीच तुमची सुरक्षित वाट आहे, ती स्वतःहून बुजवू नका. बायोसमधून बदल करणाऱ्यांनी म्हणूनच आणखी छोट्या पायऱ्या घ्याव्यात.

चाचणी कोणती, हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं तापवणारी चाचणी पुरत नाही, उत्तर तपासणारी हवी. प्राइम९५ किंवा ओसीसीटी मोठे हिशेब करतात आणि उत्तर बरोबर आहे का ते पडताळतात. प्लंडरव्होल्टची गोष्ट आठवा: व्होल्टेज कमी पडलं की चिप प्रत्येक वेळी बंदच पडते असं नाही, ती कधी कधी गुपचूप चुकीचं उत्तर देते. विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला तर निदान कळतं. गुपचूप चूक झाली तर डिझाइनची फाइल महिन्याने उघडताना कळेल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चुका नोंदवणाऱ्या वहीत, ‘व्हिया लॉगर’ (WHEA-Logger) नावाने इशारे दिसू लागले, तर लॅपटॉप सुरळीत वाटला तरी आकडा मागे घ्या.

मामेभावाच्या लॅपटॉपने उणे १०० पर्यंत साथ दिली. उणे ११० वर प्राइम९५ ने चूक दाखवली. आम्ही मागे येऊन उणे ९० वर थांबलो आणि काम झालं असं समजलो. दोन दिवसांनी रात्री काहीच काम सुरू नसताना लॅपटॉप गोठला. असं होतं, कारण हा वजा आकडा सगळ्या वेगांना लागू होतो. निवांत बसलेल्या चिपचं व्होल्टेज मुळातच कमी असतं, त्यातून आणखी वजा झालं की कधी तिथेच पाय घसरतो. म्हणून झोपवून उठवणं, नुसता उघडा ठेवणं, चित्रपट बघणं, चार्जर काढणं-लावणं या सगळ्याची आठवडाभर परीक्षा घ्या. आम्ही उणे ८० वर आलो. त्या आकड्यावर तो अजून अडखळलेला नाही. आठवडा निभावल्यावरच थ्रॉटलस्टॉप आपोआप सुरू होण्याची सोय लावली.

आणि ही परीक्षा सोलापुरात घ्यायची तर दुपारी घ्या. डिसेंबरच्या रात्री पास झालेला आकडा मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा तपासावाच लागतो.

‘पण यात प्रोसेसर जळणार नाही ना?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. जळण्याचा धोका जादा व्होल्टेजमध्ये असतो. कमी व्होल्टेजने चिपला शारीरिक इजा होत नाही. ती अडखळते, बंद पडते, चुकते. धोका आहे तो तुमच्या कामाला आणि फाइलींना. एक खबरदारी मात्र घ्या: आकड्याच्या आधीचं वजा चिन्ह दोनदा बघा. घाईत अधिक झालं तर उलटाच प्रकार होईल.

‘मग कंपनीलाच हे का कळलं नाही?’

कंपनीला कळतं. पण तिला लाखो चिपांसाठी एकच नियम करायचा असतो. प्रत्येक चिप आठवडाभर बसून तपासणं तिला परवडत नाही, तुम्हाला परवडतं. तरीही कारखान्याचा आकडा कायम बिनचूक असतो असंही नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या अस्थिरतेमागे प्रमाणाबाहेर वाढलेलं व्होल्टेज असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये स्वतः सांगितलं, ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्या पिढीचा डेस्कटॉप असेल तर बाकी काही करण्याआधी बायोस अपडेट करा.

कुलूप असेल तर?

तरी हातात एक साधी गोष्ट उरते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपांवर यामुळे टर्बो, म्हणजे गरजेनुसार वेग वाढवण्याची सोय, बंद होते. तापमान चांगलंच उतरतं. यात वेगही जातो, हा अंडरव्होल्टिंगपेक्षा मोठा फरक आहे. पण पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन तास एवढंच काम असेल तर तो जाणवणार नाही. कुलूप असूनही काही लॅपटॉपांवर थ्रॉटलस्टॉपमधून विजेची कमाल मर्यादा वॅटमध्ये खाली आणता येते. दुपारी थोडी कमी, रात्री पूर्ण, असं ठेवणारे लोक मला माहीत आहेत.

मामेभावाने लॅपटॉपच्या खाली कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. त्यावर लिहिलंय: उणे ८०, मे, दुपारी तीन, खोली ४०. बायोस अपडेट झाला की तो पहिल्यांदा थ्रॉटलस्टॉप उघडून आकडा जागेवर आहे का ते बघतो. आणि दर दोन महिन्यांनी, माग बंद असतो त्या दिवशी, पंख्याच्या जाळीतलं सूत काढतो.